दोष कुणाच्या रक्तात

॥ श्री लक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

भवानीनगर, ता. इंदापूर
दि. १२ ऑगस्ट २०२३

चि. संजीवनी हिस तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. हिकडं समदी खुशाल हायेत असं लिवायची रीत हाय, पर ह्या वक्ताला तसं लिवता येत न्हाय.

तू म्हणशील, तात्यानं मोबाईल सोडून पोस्टाचं पाकीट का धाडलं. एक तर माझ्या कानाची गत तुला ठावी हाय. चाळीस वर्सं पिठाच्या गिरणीत उभा राहिलो, आता फोनवर कोण बोललं तर नुसतं पाखरू फडफडल्यागत होतं. आन् दुसरं म्हंजे घरातला मोठा मोबाईल सुयोगच्या हातात असतो. बापाचं हे रडगाणं त्यानं वाचू नये.

सुयोगच्या दोन्ही किडन्या गेल्या. मे महिन्यात पाय सुजले. आमाला वाटलं, पेरूच्या बागंत दिवसभर उभा ऱ्हातोय म्हणून असंल. सूनबाईनं, मोनानं, हट्टानं बारामतीला नेला, तवा कळलं. तुकडा काढून तपासला, पर किडन्या इतक्या आक्रसल्यात की कशानं गेल्या ते सांगता येईना म्हणले. आता सोमवार, बुधवार, शनिवार बारामतीला डायलिसिस. तेहतीस वर्साचं पोर चार-चार तास मशीनला बांधून पडतंय.

किडनी कुणाची घालायची ह्याचा इचार सुरू झाला. मोनाचा रक्तगट जुळंना. तुझ्या काकीला साखर. मी सत्तरीच्या पुढचा, रोज दाबाची गोळी. मंग आपली वृषाली आपणहून पुढं आली. जळोचीची रोपवाटिका नवऱ्याच्या अंगावर टाकून पुण्याला चार खेपा मारल्या. समदं जुळलं. लघवी साफ, रक्त साफ, दाब बरोबर. पेढे आणायचेच बाकी होते.

मंग तिथल्या डॉक्टरांनी जनुकाची तपासणी केली. सुयोगच्यात एक बिघाड निघाला. तसलाच वृषालीच्यात. म्हणून माझं रक्त घेतलं, तर माझ्यातबी तोच. डॉक्टर म्हणले, हा घराण्यात उतरणारा आजार दिसतो, ह्यात किडनी जाते आन् कानबी जातात. मंग त्यांनी माझ्याकडं बघून मोठ्यांदा इचारलं, आजोबा, ऐकू यायचं कधीपासनं कमी झालं? मी म्हणलं, झाली वीस वर्सं. त्यांनी ते कागदावर लिवलं. ते माझा कबुलीजबाब लिवून घेत होते बघ.

किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या समितीनं सांगितलं, पोरीची किडनी घेता येणार न्हाय. उद्या तिच्याबी जातील.

संजे, माझ्या रक्तानं माझी दोन्ही लेकरं नासवली व्हय? वृषालीची संस्कृती अकरा वर्साची हाय, तिच्यापतुर हे गेलं आसंल का? तू ह्यातलंच शिकलीस. खरं असंल ते सांग. गोड करून सांगू नको.

थोरला भाऊ गेल्यापास्नं तू आन् तुझी आई हीच माझी त्या घरची माणसं. तुझी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
सावळारामतात्या


हैदराबाद
दि. २१ ऑगस्ट २०२३

ती. स्व. तात्यांस संजीवनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. खरं सांग म्हणालात, म्हणून आधी खरं ते सांगते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आज मला माहीत नाही. पण ते डॉक्टरांनाही पूर्ण माहीत नाही, हेही तितकंच खरं. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते वृषालीनं फोटो काढून पाठवलं. त्यात ‘आजार होण्याची दाट शक्यता’ असं आहे. ‘खात्री’ असं नाही.

असा रिपोर्ट कसा बनतो ते सांगते. माणसाच्या प्रत्येक पेशीत आईबापाकडून आलेला मजकूर असतो, जवळजवळ तीनशे कोटी अक्षरांचा. मशीन तो मजकूर अख्खा वाचत नाही. त्याचे बारीक तुकडे वाचतं आणि एका ठरलेल्या नमुन्याशी जुळवून बघतं. त्या नमुन्याला आम्ही नकाशा म्हणतो. हा नकाशा वीसएक वर्षांपूर्वी परदेशात तयार झाला. तो मोजक्याच माणसांच्या रक्तावरून झाला, आणि त्यातला मोठा भाग तर एकाच माणसाचा आहे. त्यात भीमा-नीरेकाठचं कुणी नाही. त्यामुळे आपल्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या असलेली एखादी साधी गोष्ट त्या नकाशात नसेल, तर मशीनला ती बिघाड वाटू शकते. उलटही होतं. खरा बिघाड असतो आणि तो सुटून जातो. आमची प्रयोगशाळा सध्या ह्याच कामात आहे, तऱ्हेतऱ्हेच्या लोकांचा मजकूर सलग वाचून नवा, मोठा नकाशा करायचा.

तुमचा रिपोर्ट चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. मात्र मला शंका घ्यायला जागा दिसते. वृषाली छत्तीसची आहे आणि तिची लघवी अगदी स्वच्छ आहे. असा आजार असता तर एव्हाना काहीतरी दिसायला हवं होतं. तुमच्या कानांबद्दल तर डॉक्टरांनी विचारलं तेवढंच तुम्ही सांगितलंत. ऐकू कधीपासून कमी येतं ते सांगितलंत, गिरणीचं सांगितलंत का? मी लहानपणी तुमच्या गिरणीत गव्हाच्या पोत्यावर झोपायचे, तेव्हा पट्टा सुरू झाला की काकी माझ्या कानात कापूस घालायची. तुमच्या कानात कुणी घातला होता? बारामतीत कान तपासून घ्या, आणि कागद मला पाठवा.

तिघांचंही रक्त पुन्हा, लांब तुकडे वाचणाऱ्या पद्धतीनं तपासायला हवं. ते मान्यता असलेल्या दुसऱ्या लॅबमध्ये होईल. मी त्याला हात लावणार नाही. मला जे उत्तर हवं आहे तेच माझ्या डोळ्यांना दिसेल, ही मला भीती आहे. तुमच्या डॉक्टरांना मी पत्र लिहिलं. ते मोकळ्या मनाचे वाटले. अशी तपासणी झाली तर आपल्यालाही हवीच आहे, असं त्यांनी लगेच कळवलं.

आणखी एक मागणं आहे. आमच्या नकाशात आपल्या भागातली माणसं घ्यायची ठरली आहेत. डिसेंबरच्या आधी नरसिंहपूरला आणि इंदापूरला शिबिर घेऊ. रक्त देणाऱ्याला त्यातून काहीच मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगावं लागतं. तालुक्यात तुम्हाला ओळखत नाही असं घर नाही. लोकांशी बोलाल का?

तोवर स्वतःला आरोपी करू नका. आणि जेवण सोडू नका. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नका.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपली
संजीवनी


जळोची, बारामती
दि. १० सप्टेंबर २०२३

प्रिय संजूताई,
सप्रेम नमस्कार वि. वि.

संमतीच्या कागदांवर आम्ही तिघांनी सह्या केल्या. सोबत पाठवतेय. फोनवर सगळं बोलता येत नाही, सासूबाई जवळच असतात. म्हणून पत्र लिहितेय. तुझ्या पाकिटावरचं अक्षर बघितलं. एवढी शिकलीस, पण ‘ळ’ अजून चौथीतल्यासारखाच काढतेस.

तात्यांचं बघवत नाही गं. ते पंगतीला बसत नाहीत, पडवीत ताट घेऊन जातात. गेल्या रविवारी मी संस्कृतीला घेऊन भवानीनगरला गेले होते. ती धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसायला लागली, तर त्यांनी हात मागं घेतला. जणू हात लागला तर तिला काही होईल. पोरीला कळलं नाही, ती तशीच आत पळाली. मला कळलं. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

इथं सासूबाईंचं निराळंच. तू कुशाबाईंना ओळखतेसच. किडनी द्यायची ठरली तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. लेकरू पदरात असताना पोट फाडून घ्यायचं का, असं म्हणाल्या. आपल्या आईला समजावता समजावता विजयसिंहांचा महिना गेला. मग हा रिपोर्ट आला आणि त्या एकदम गप्प झाल्या. बोलत होत्या तेव्हा बरं होतं. परवा भाजी निवडता निवडता हळूच विचारलं, संस्कृतीचंबी रक्त तपासावं लागंल का? मी म्हटलं, दुसरा रिपोर्ट येईपर्यंत तिच्या अंगाला मी सुई लावू देणार नाही. त्यांनी मान हलवली, आणि माझ्यापुढची मेथीची जुडी ओढून घेऊन ती पण निवडून टाकली.

मला राग कशाचा येतो सांगू? माझं शरीर चांगलं आहे. रोज दोनशे ट्रे ढोबळी मिरचीची रोपं उचलते. आणि कागद म्हणतो की हिचं काही घेऊ नका. मी डॉक्टरांना म्हटलं, वीस वर्षांनी माझ्या जायच्या तर जाऊ देत, माझ्या भावाला आज जगायचंय. ते म्हणाले, ताई, तुम्हाला आजारी करून त्याला बरं करणं हे माझं काम नाही. त्यांचं बरोबर होतं, तरी मला त्यांचा राग आला.

सुयोग हसून बोलतो. पण मोना सांगत होती, त्यानं पेरूची अर्धी बाग काढून टाकायची म्हणून जेसीबीवाल्याला विचारलंय. माझ्यामागं कोण बघणार, असं म्हणाला.

ताई, काय असेल ते लवकर कळू दे. वाईट असलं तरी चालेल, पण कळू दे.

आठवण ठेव, आणि रागवायचं असेल तर पत्रातून रागव.

तुझी
वृषाली


भवानीनगर
दि. ३ डिसेंबर २०२३

चि. संजीवनीस तात्याचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी माणसं शिबिर करून परवा गेली. घरच्यांच्या रक्ताच्या कामात आपण नको म्हणून तू स्वतः आली न्हाईस हे कळलं, पर काकी रुसली हाय. तिनं तुझ्यासाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू त्या पोरांनी नेले. तुझ्यापतुर किती पोचत्यात बघ.

आधी कानाचं. बारामतीला एका काचेच्या खोलीत बसवून कानाला डबडी लावली. ऐकू आलं की बटण दाबायचं. मी म्हणलं, हे काम सोपं हाय, काय ऐकूच येत न्हाय. आलेख निघाला. त्या बाईंनी म्हस्कूचाबी काढला. म्हस्कू म्हंजे सणसरचा गिरणीवाला, त्येला जोडीला नेला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर सख्ख्या भावागत. वरच्या पट्टीचा आवाज दोघांचाबी एकाच जागी तुटलेला. बाई म्हणल्या, हे सततच्या आवाजानं झालेलं नुकसान हाय, रक्तातनं आलेलं असतं तर आलेखाचा आकार असा नसता. म्हस्कूला वाटलं, त्येला कायतरी शाबासकी मिळाली. परत येताना एस्टीत आमी दोघं मोठमोठ्यानं बोलत हुतो. कंडक्टरनं दोनदा दटावलं म्हणं. ऐकलं कुणी? लई दिसांनी हसलो.

आता नरसिंहपूरचं. देवळाच्या फरशीवर माणसं जमली, पर कुणी हात पुढं करंना. कुणीतरी उठवलं होतं की हे रक्त परदेशात नेऊन त्याची औषधं करत्यात आन् आपल्यालाच इकत्यात. निवृत्त गुरुजी मानसिंगराव, त्यांनी नीट प्रश्न इचारले. नाव कुठं दिसंल का, कागद कुणाच्या ताब्यात, नको वाटलं तर मागं घेता येतं का. तुझ्या प्रयोगशाळेतल्या पोरीनं समद्याची उत्तरं दिली. तरीबी माणसं जागची हालंनात. एकानं इचारलं, आमाला ह्यातनं काय? ती खरं बोलली, काय न्हाय म्हणली.

तवा मी उभा राहिलो. संजे, मी कधी चारचौघांत बोललेला माणूस न्हाय. गिरणीत बोलायची सोयच नव्हती. पर उभा राहिलो आन् समदं सांगितलं. पोराच्या किडन्या, पोरीचा रिपोर्ट, माझ्या रक्तातला बिघाड. मी म्हणलं, हा बिघाड हाय का आपल्या मातीतल्या माणसांची साधी ठेवण हाय, हे सांगायला त्यांच्या नकाशात आपलं कुणीच न्हाय. उद्या तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर त्येलाबी तसल्याच परक्या मापानं मोजतील. माझा आवाज किती मोठा लागला मला कळलं न्हाय. काकी म्हणली, नदीच्या पल्याड ऐकू गेला आसंल.

तवा बायकांच्या घोळक्यातनं कोण उठलं असंल? आपल्या वृषालीची सासू, कुशाबाई! त्यांचं माहेर नरसिंहपूरच, दर्शनाला आल्या होत्या. त्या खुर्चीवर जाऊन बसल्या, बांगड्या वर सारल्या आन् म्हणल्या, माझी नात ह्याच्यात अडकलीया, मी हितलीच हाय, माझं घ्या. अठ्ठ्याहत्तर वर्साची बाई. सुई टोचली तरी तोंड वाकडं केलं न्हाय. तिच्यामागं मानसिंगराव. मंग रांगच लागली. दोन्ही गावचे मिळून अठ्ठावन्न जण झाले.

घरी आल्यावर मी पंगतीत जेवलो. तुला सांगणाऱ्यांनी सांगितलंच आसंल.

तू जपून ऱ्हा. पत्राची वाट बघतोय, ती लई लांबवू नको.

तुझा
तात्या


हैदराबाद
दि. २८ मार्च २०२४

ती. स्व. तात्या आणि काकी यांस सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. वृषालीच्या जनुकात बिघाड नाही. सुयोगच्याही नाही. तुमच्याही नाही.

डॉक्टरांना रिपोर्ट कालच गेला आहे. तो ज्यांनी तपासला त्यांना तुम्ही माझे कोण हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून मी स्वतः कळवते आहे.

झालं काय होतं ते गिरणीच्या भाषेत सांगते. समजा, तुमच्या वहीत सोपान नावाचं एकच गिऱ्हाईक आहे. एके दिवशी दोन डबे येतात, दोन्हींवर ‘सोपान’. एकात गहू, एकात ज्वारी. वहीत एकच सोपान, म्हणून तुम्ही दोन्ही डबे एकाच घरचे धरता आणि म्हणता, सोपानच्या गव्हात ज्वारी मिसळली, भेसळ झाली. खरं तर ओढ्यापलीकडे दुसरा सोपान राहतो. त्याची ज्वारी त्याच्या जागी चांगली आहे. तो वहीत नाही, एवढंच.

तुमच्या मजकुरात त्या जनुकासारखाच दिसणारा एक जादा तुकडा दुसऱ्या ठिकाणी आहे. तो काही काम करत नाही, काही बिघडवतही नाही. जुन्या नकाशात तो नव्हताच. मशीननं त्याची अक्षरं खऱ्या जनुकावर नेऊन बसवली, आणि तिथं बिघाड दिसला. लांब तुकडे सलग वाचले तेव्हा दोन्ही वेगवेगळे दिसले. आणि शिबिरातल्या अठ्ठावन्न जणांत तोच जादा तुकडा सात जणांकडे सापडला. त्यांतले काही पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत आणि ठणठणीत आहेत. ते कोण, हे मलाही कळत नाही. तशीच व्यवस्था आहे.

म्हणजे तात्या, तुमच्याकडून मुलांना एक गोष्ट आली हे खरं. पण ती दोष नव्हे.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. सुयोगच्या किडन्या कशानं गेल्या हे आता कदाचित कधीच कळणार नाही. डॉक्टरांचा अंदाज असा की त्याचा रक्तदाब कित्येक वर्षं चढलेला असावा आणि कुणी मोजलाच नाही. तिशीच्या आतल्या माणसाचा कोण मोजतं? घरातल्या सगळ्यांचा मोजत चला. आग्रहाची विनंती समजा.

रिपोर्ट वाचून मी जिन्यात जाऊन बसले. सोबतची मुलगी विचारायला आली, मॅडम, काही वाईट आलं का? मी मानेनंच नाही म्हटलं, आणि ती माझ्याशेजारी बसून राहिली.

काकींना म्हणावं, लाडवांपैकी दोन पोचले होते.

आपल्या मायेत मला अशीच बसायला जागा ठेवा.

आपली
संजीवनी


जळोची
दि. १९ मे २०२४

प्रिय संजूताई,
सप्रेम नमस्कार.

उद्या पुण्याला निघतोय. बॅग भरून झाली, म्हणून लिहायला बसले.

तुझं पत्र तात्यांनी एकट्यानं वाचलं, मग आईला वाचून दाखवलं, मग बंद गिरणीच्या ओट्यावर म्हस्कूकाकांना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं इथं आले. त्यांनी संस्कृतीला बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवलाच. ती बिचारी शाळेची रिक्षा आली म्हणत होती, ह्यांना ऐकू जाईना. शेवटी विजयसिंहांनी रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, एक दिस शाळा बुडली तर काय आभाळ कोसळतंय?

समितीनं सगळी तपासणी पुन्हा केली आणि परवानगी दिली. समितीतल्या एका बाईंनी मला एकटीला बसवून विचारलं, कुणाची जबरदस्ती आहे का? मी म्हटलं, आहे, माझीच सगळ्यांवर. त्या हसल्या, पण पुन्हा नीट विचारलं. मी नीट उत्तर दिलं.

गंमत म्हणजे आता सुयोगच नको म्हणायला लागला. चार दिवसांपूर्वी फोन करून रडला. म्हणाला, अक्का, तुला काही झालं तर मी ती किडनी घेऊन कुठं जाऊ? मी त्याला रडू दिलं. मग म्हटलं, लहानपणी माझी सायकल न विचारता नेलीस, पाटीपेन्सिली खाल्ल्यास, तेव्हा कधी एवढा विचार केला नाहीस, आता कशाला सुरुवात करतोस?

खरं सांगू का, भीती मला वाटतेय. ट्रे उचलताना मधेच हात आपोआप कमरेवर जातो. सासूबाईंनी ते पाहिलं असावं. आज दुपारी त्यांनी माझे केस विंचरून घट्ट वेणी घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच. शेवटी म्हणाल्या, तू आल्यावर तीन महिने रोपवाटिकेत पाय ठेवायचा न्हाय, मी बघंन.

बुधवारी सकाळी आठला आत नेतील. तू तुझ्या कामात राहा, फोनकडे बघत बसू नकोस. बघशीलच म्हणा.

तुझी, जशी आहे तशी,
वृषाली


भवानीनगर
दि. १ सप्टेंबर २०२४

चि. संजीवनीस तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. हिकडं समदी खुशाल हायेत. हे वाक्य लिवताना पेन थोडा वेळ धरून बसलो.

आपरेशनच्या दिवशीचं तुला फोनवर समद्यांनी सांगितलं, माझं तेवढं सांगायचं ऱ्हायलंय. आमी भायेर बाकड्यावर. काकी जप करत हुती, मोना नुसती भिंतीकडं बघत हुती. दुपारी डॉक्टर भायेर आले. माझ्या कानाशी वाकून त्यांनी दोनदा सांगितलं, मला कळंना. मंग त्यांनी खिशातला कागद काढला आन् मोठ्या अक्षरात लिवलं, टेबलावरच लघवी सुरू झाली. आजोबा, नवी किडनी चालू हाय, ताईबी शुद्धीवर हायेत. मी तो कागद घडी घालून टोपीत ठेवला. अजून टोपीतच हाय. काकी म्हणती, धुवायला टाकू दे ती टोपी. मी देत न्हाय.

तीन महिने झाले. सुयोगला बारामतीला आता फक्त तपासणीला जावं लागतं. गोळ्या जन्मभर. तोंडाला कापड लावून बागंत जातो, पर जातो. डायलिसिसच्या वर्सात त्येला पाणी मापून मिळायचं, दिवसाला वाटीवाटीनं. परवा उन्हातनं आला, मोनानं तांब्या पुढं केला, आन् त्येनं उभ्यानं अख्खा तांब्या घटाघटा संपवला. पाणी हनवटीवरनं सदऱ्यावर सांडत होतं. आमी समदी काय चमत्कार बघावा तसं बघत हुतो. त्येनं तांब्या ठेवला आन् म्हणला, काय बघताय, पाणीच प्यालो की.

तुझ्या जुलैच्या पत्रात लिवलंस, नव्या नकाशावर आणखी तीन घरांचे जुने रिपोर्ट पुन्हा तपासले. दोघांचा बिघाड खोटा निघाला, आन् तिसऱ्याच्यात आधी सुटलेला खरा बिघाड सापडला. वाचून आधी वाईट वाटलं. मंग वाटलं, त्येला कळलं तर खरं, येळेवर इलाज तर हुईल. मानसिंगरावांना वाचून दाखवलं. ते म्हणले, कळवा त्यांना, पुढचं शिबिर घ्यायचं तर शाळेचा हॉल मोकळा करून देतो. म्हस्कूनं आपला आलेख फ्रेम करून गिरणीत लावलाय. त्येला अजूनबी वाटतं ते प्रशस्तिपत्रक हाय.

डॉक्टरांनी सांगितल्यावरनं घरात दाब मोजायचं यंत्र आणलंय. दर रविवारी समद्यांचा मोजतो. शेजारच्यांचाबी मोजतो. काकी म्हणती, गिरणी बंद झाली तवापास्नं ह्यांना दुसऱ्याच्या डब्यात हात घालायला मिळत नव्हता, आता मिळाला.

आन् कालची गोष्ट सांगतो. वृषाली, विजयसिंह, संस्कृती, आन् कुशाबाईबी, समदी आली हुती. तीन महिने संपले म्हणून वृषालीला रोपवाटिकेत सोडलं आसं कुशाबाईंनी जाहीर केलं, जणू कोर्टाचा निकाल. जेवणं झाली आन् सुयोग बागंतनं पेरूचं क्रेट उचलून आणायला लागला. वृषालीनं ते बघितलं. जी धावली! डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणलंय न्हवं, असं तिचं सुरू झालं. ह्यो म्हणतो, अगं रिकामंच हाय. ती म्हणती, रिकामं असलं तर खाली ठेव. ह्यो ठेवंना. दोघं अंगणात हमरीतुमरीवर आली, चाळिशीला टेकलेली ती आन् हा मिशीवाला, चौथीतल्या पोरांसारखी. मला अक्षर ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं दिसत होती. तेवढ्यात वृषालीनं कमरेवर हात ठेवून कायतरी म्हणलं आन् दोन्ही घरची समदी खो-खो हसाया लागली. तुझी काकी तर पायरीवरच बसली, पदर तोंडात. कुशाबाई डोळं पुसत हुत्या.

मी संस्कृतीला खुणेनं इचारलं, काय झालं. तिनं माझ्या कानात ओरडून सांगितलं. आई म्हणली, ऐकायचं नसंल तर माझी किडनी परत दे.

मंग मीबी हसलो. समदी थांबल्यावर हसलो, म्हणून त्यांना पुन्यांदा हसू आलं. क्रेट कुठं ऱ्हायलं कुणालाच ध्यान न्हाय.

दिवाळीला ये. ह्या वक्ताला काम सांगून चुकवू नको. सुयोगनं तुझ्यासाठी बागेतल्या दोन ओळी राखून ठेवल्यात, पेरू तू स्वतः तोडायचे. तुझ्या आईस नमस्कार. आमच्यावरचा जीव आसाच लावून ठेव.

तुझा
सावळारामतात्या